बरणी नंबर १७ : ब्रिटल स्टार ओळखण्याच्या नोंदी, वडोदरा

६ जानेवारी २०२४, शनिवार

आजपासून सुरुवात. माझ्या जुन्या सरांनी दिवाळीतच सांगितलं होतं की कॉलेजच्या झूलॉजी म्युझियममधलं एकायनोडर्मचं (तारामासा, ब्रिटल स्टार, समुद्री अर्चिन असल्या समुद्री प्राण्यांचं) कपाट लावून दे, तुझ्याशिवाय आता हे कोणी करणार नाही. एम्‌एस्सी करून तेवीस वर्षं झाली, मधे शाळेत शिकवण्यात सगळी गेली, पण सरांना नाही म्हणता येत नाही आणि खरं सांगायचं तर म्हणायचंही नव्हतं. कॉलेजचं नाव इथे लिहीत नाही, कारण पुढे जे लिहिणार आहे ते काही फार चांगलं नाही.

कपाटात ३१ बरण्या. चार वर्षांपूर्वी भिंतींना रंग दिला तेव्हा सगळ्या खाली उतरवल्या होत्या आणि बाहेरून चिकटवलेली लेबलं पाण्याने निघाली, मग कोणीतरी अंदाजाने परत चिकटवली. म्हणजे आता बरणीवर जे लिहिलंय त्यावर अजिबात विश्वास ठेवायचा नाही. नऊ नंबरवर लिहिलंय ‘ब्रिटल स्टार’ आणि आत चक्क फेदर स्टार आहे, पिसासारखे हात, खाली पकडायला आकड्यांसारख्या बारीक सिरी, आणि तोंड वरच्या बाजूला. ब्रिटल स्टारचं तोंड खाली असतं. एवढा फरक बीएस्सीच्या मुलाला पण कळतो.

लॅबमधले काका म्हणाले, बेन, आमां तो बद्धुं सरखुं ज देखाय छे. खरंय, दुरून सगळं सारखंच दिसतं.

१४ जानेवारी, रविवार, उत्तरायण

काम नाही. सगळं वडोदरा पतंग घेऊन गच्चीवर, सकाळपासून ‘काप्यो छे’ चालू. तरी दुपारी उंधियू खाऊन झाल्यावर भाचीला गच्चीवरच बसवून समजावलं, ती माझ्या मदतीला येणार आहे, तिच्या मोबाईलची मॅक्रो लेन्स माझ्यापेक्षा बरीच चांगली आहे.

तिला सांगितलं की तारामासा आणि ब्रिटल स्टार यांच्यात पहिलं काय बघायचं तर मधली चकती, डिस्क. तारामाशाचे हात मधल्या भागातून हळूहळू रुंद होत निघतात, कुठे शरीर संपलं आणि कुठे हात सुरू झाला ते नक्की सांगता येत नाही. ब्रिटल स्टारमध्ये नाण्यासारखी गोल डिस्क वेगळी आणि त्यातून सापाच्या शेपट्या बाहेर आल्यासारखे हात वेगळे, म्हणूनच ग्रीकमधून ऑफियुरॉइडिया, ऑफिस म्हणजे साप आणि उरा म्हणजे शेपटी. हाताच्या आत मणक्यासारखे तुकडे एकापुढे एक, त्यामुळे तो हात वळवळवत चालतो, तारामासा मात्र खालच्या नळीपायांवर सरकतो. ब्रिटल स्टारच्या नळीपायांना चोषकं नसतात आणि हाताखाली उघडी खाच पण नसते, ती प्लेट्सनी झाकलेली असते. आणि गुदद्वार नाहीच, जे खाल्लं त्यातलं नको ते परत तोंडातूनच बाहेर.

भाची म्हणाली मावशी तिळगूळ खाताना हे सांगायला हवं होतं का.

२० जानेवारी, शनिवार

आज फक्त बरण्या उघडून वास घेतला. गंमत वाटेल, पण हे करायलाच लागतं. कुठल्या बरणीत स्पिरिट आहे आणि कुठल्यात फॉर्मलीन, ते कळल्याशिवाय पुढे जाता येत नाही. ३१ पैकी १९ मध्ये फॉर्मलीन निघालं.

इथे मला खरंच वाईट वाटलं. एकायनोडर्मचा सांगाडा कॅल्साइटचा, म्हणजे चुनखडीच्याच जातीचा. फॉर्मलीन ठेवून ठेवून आम्ल होत जातं, आणि आम्लात चुना विरघळतो. बेडूक, मासा ठीक आहे, पण ब्रिटल स्टार वर्षानुवर्षं बफर न केलेल्या (आम्लता न मारलेल्या) फॉर्मलीनमध्ये ठेवला तर त्याच्या प्लेट्स मऊ होतात, काटे पुसट होतात, आणि ओळख सगळी त्या प्लेट्स आणि काट्यांवरच असते. दरवर्षी कोणीतरी नेमाने पातळी कमी झाली की फॉर्मलीन ओतत गेलं, काळजीनेच ओतलं असेल, आणि त्याच काळजीने नमुने संपले. ११ नंबरमधला तर हातात घेतला तेव्हा ओल्या कागदासारखा वाटला.

सरांना फोन केला. ते म्हणाले अगं, जे वाचलंय ते आधी स्पिरिटमध्ये घाल, रडायचं नंतर बघ. सत्तर टक्के अल्कोहोल मागवलंय.

२८ जानेवारी, रविवार

स्टिरिओ मायक्रोस्कोप चालू झाला, एक आयपीस हलतो पण चालेल.

आज जे शिकले ते नीट लिहून ठेवते, पुढच्या कोणाला उपयोगी पडेल. नमुना स्पिरिटातून काढून टिश्यूवर ठेवायचा आणि पृष्ठभाग किंचित कोरडा होऊ द्यायचा, पूर्ण नाही. ओला असताना सगळं चकाकतं आणि काहीच दिसत नाही, पण वरचं स्पिरिट उडायला लागलं की एकदम प्लेट्सच्या कडा उमटतात, सारवलेली जमीन वाळताना भेगा दिसायला लागतात ना तसं. दिवा वरून नाही, बाजूने, तिरका. मग वरून बघायचं ते म्हणजे डिस्कवर प्रत्येक हाताच्या मुळाशी असलेली रेडियल शील्डची, म्हणजे ढालीसारख्या प्लेट्सची जोडी, केवढी आहे, उघडी आहे की कातडीखाली आहे की काट्यांनी झाकलीये, मग हाताच्या पाठीवरच्या प्लेट्सचा आकार, मग बाजूचे काटे किती आणि कसे.

आणि हे सगळं झालं की उलटा करायचा. खरी गोष्ट पोटाकडे आहे. पाच जबडे ताऱ्यासारखे मधे येतात, आणि जबड्यावर ज्या बारीक पॅपिली (दाण्यांसारखे उंचवटे) असतात त्या कुठे आहेत आणि किती आहेत यावरून कुळ ठरतं. जबड्याच्या कडेला असतील तर ओरल पॅपिली, टोकाला घोळक्याने असतील तर डेंटल पॅपिली. ऑफियोट्रिकिडी कुळात कडेला काही नाही, नुसता टोकाला घोळका. ऑफियोकोमिडीत दोन्ही. ऑफियाक्टिडीत टोकाला एक आणि कडेला लांब एखाद-दुसरी, मधे मोकळी जागा. मॅड्रेपोराइटसुद्धा, म्हणजे पाणी आत घेणारी चाळणीसारखी प्लेट, इथेच, खाली, तोंडाभोवतीच्या पाच ओरल शील्डपैकी एका शील्डमध्ये, तारामाशासारखी पाठीवर नाही.

मी आपली वीस वर्षं मुलांना पाठीचंच चित्र काढायला लावत आले, पाच हात आणि मधे गोल. पोटाचं चित्र एकदाही काढून घेतलं नाही. जूनपासून घेणार.

३ फेब्रुवारी, शनिवार

चांगला दिवस. सात बरण्या कुळापर्यंत लागल्या. त्यातल्या चार ऑफियोट्रिकिडी, काचेसारखे पारदर्शक लांब काटे, काट्याला पण बारीक काटे, भिंगाखाली बघितले की नजर बाजूला घेता येत नाही इतके सुंदर. चारपैकी दोघांचे हात डिस्कच्या व्यासाच्या कितीतरी पट लांब, रेडियल शील्ड मोठे आणि उघडे, म्हणून मॅक्रोफियोथ्रिक्स वंश म्हणावंसं वाटतंय. सर म्हणाले प्रजाती लिहू नकोस. नाही लिहिली.

आमच्याकडे मुख्य आधार म्हणजे एल्सा क्लार्क आणि फ्रान्सिस रो यांची १९७१ ची की (खुणा ताडत ताडत नावापर्यंत नेणारं पुस्तक), लंडनच्या ब्रिटिश म्युझियमने काढलेली, हिंदी-पश्चिम पॅसिफिकच्या उथळ पाण्यातल्या सगळ्या एकायनोडर्मांची. सरांच्या झेरॉक्सवर त्यांच्याच तरुणपणीच्या पेन्सिल खुणा आहेत. पण त्या कीमधली नावं आता जशीच्या तशी लिहायची नाहीत, आधी मिळवायची आणि मग ऑनलाइन ऑफियुरॉइडिया डेटाबेसमध्ये तपासायची, कारण गेल्या काही वर्षांत डीएनएवरून घरंच्या घरं हलली. ऑफियोकोमा घराण्याची तर २०१९ मध्ये फाळणीच झाली. ती कॅरिबियनमधली ऑफियोकोमा वेंडटाय, जिच्या हाताच्या प्लेट्सवर कॅल्साइटच्या भिंगांचे डोळे आहेत असं २००१ मध्ये जाहीर झालं आणि मी सुद्धा मुलांना वर्गात रंगवून सांगितलं, ती आता ऑफियोमास्टिक्स वेंडटाय आहे, आणि २०१८ मध्ये नीट बघितल्यावर कळलं की प्रकाश ओळखणाऱ्या पेशी त्या भिंगांच्या खाली नाहीतच, आजूबाजूला आहेत. म्हणजे नाव पण बदललं आणि गोष्ट पण. शाळेत जाऊन सांगितलं पाहिजे हे.

१० फेब्रुवारी, शनिवार

आज सतरा नंबर उघडली. छोटी बरणी, घासलेल्या काचेचं बूच, व्हॅसलीन लावून कोणीतरी फार नीट बंद केलेलं. आत स्पिरिट, फॉर्मलीन नाही. देवाची कृपा. बाहेर चिकटवलेलं लेबल म्हणतं ‘ऑफियोथ्रिक्स, पिल्लं’, म्हणजे ऑफियोट्रिकिडी कुळातलाच एक वंश. आत अकरा नमुने, सगळ्यात मोठ्याची डिस्क जेमतेम चार मिलिमीटर.

आणि तळाशी कागदाचा कपटा, पेन्सिलने लिहिलेला. आतला कागद आणि तो पण पेन्सिलचा, याचा अर्थ ज्याने ठेवला त्याला काम येत होतं. बॉलपेन स्पिरिटात विरघळतं, पेन्सिल कशातच विरघळत नाही. पण वाचता येईना. आधी वाटलं गुजराती, काकांना दाखवलं, ते म्हणाले ना बेन, आ अमारुं नथी. मग कळलं की ही मोडी आहे!

गायकवाडांच्या राज्यात मराठी दफ्तरं मोडीत लिहायचे हे माहीत होतं, आमच्या आजोबांचं खातं पण मोडीत होतं, पण बरणीच्या आत, स्पिरिटात, ब्रिटल स्टारच्या सोबत मोडी बघून मी पाच मिनिटं नुसती बसून राहिले. माझ्यासारखंच मराठी बोलणारं कोणीतरी याच कामाला बसलं होतं, याच शहरात.

फोटो काढला, कपटा परत आत ठेवला. काढून वाळवायचा मोह झाला होता, आवरला.

१८ फेब्रुवारी, रविवार

दांडिया बाजारातल्या एका आजोबांना मोडी येते, आईच्या ओळखीचे, वय नव्वदीच्या आसपास. भाचीला घेऊन गेले, जाताना त्यांना आवडतो म्हणून लीलो चेवडो नेला. त्यांनी मोबाईलवरचा फोटो मोठा करून करून बराच वेळ बघितला. पहिला शब्द लगेच लागला, ‘ओखा’, द्वारकेकडचं बंदर. दुसरा शब्द त्यांनी तीनदा वाचला आणि म्हणाले ‘वादळीतून’. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नसतं, त्यामुळे इकडे-तिकडे होऊ शकतं, पण अक्षरं हीच.

वादळीतून म्हणजे काय? वादळातून आले? वादळानंतर किनाऱ्यावर पडलेले सापडले? मला ते पटत होतं, समुद्र खवळला की तळाचं काय काय वाहून येतं. घरी येऊन वहीत लिहून पण टाकलं, ‘ओखा, वादळानंतर’.

ओखा वाचल्यावर साहजिकच समुद्रजीवांचे अभ्यासक हॉर्नेल आठवले. ओखामंडळ तेव्हा बडोदा राज्यातच होतं, आणि सयाजीराव महाराजांच्या सरकारने जेम्स हॉर्नेल यांना तिथल्या समुद्राची पाहणी करायला बोलावलं होतं, १९०५-०६ च्या हिवाळ्यात. मूळ विचार मोत्यांच्या कालवांचा होता, पण अहवालात समुद्रातलं बाकी पण पुष्कळ आलं, पहिला भाग १९०९, दुसरा १९१६. म्हणजे समुद्रापासून इतक्या लांब असलेल्या शहराच्या खर्चाने ओख्याच्या खडकांतले प्राणी मोजले गेले. कमाटी बागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा बघत आपण सगळे मोठे झालो, तो १९४४ मध्ये महीच्या मुखाशी आलेला, पण या छोट्या गोष्टींबद्दल कोणी सांगितलं नाही.

सरांना फोनवर म्हटलं, सर, ही बरणी हॉर्नेलच्या वेळची असेल का हो? ते म्हणाले, कपट्यावर तसं लिहिलंय का? नाही. मग तू पण लिहू नकोस.

२५ फेब्रुवारी, रविवार, नरारा

रात्रभर प्रवास करून काल जामनगर, आज सकाळी नरारा. काल माघी पौर्णिमा होती म्हणून हा रविवार धरला, पौर्णिमा-अमावस्येच्या आगेमागे कच्छच्या आखातात ओहोटी फार लांब जाते आणि चालत चालत रीफवर, म्हणजे प्रवाळाच्या खडकांवर, जाता येतं, होडी लागत नाही. हे मरीन नॅशनल पार्क १९८२ चं, देशातलं पहिलं. वनखात्याची परवानगी, सोबत गाईड, आणि एकही गोष्ट उचलायची नाही, शिंपला पण नाही. हे अगदी बरोबर आहे. समुद्र काकड्या तर २००१ पासून वन्यजीव कायद्यात वाघाच्याच शेड्यूलमध्ये आहेत.

पाण्यात पिंडरीपर्यंत उभं राहून, पाय कुठे ठेवायचा ते बघत बघत तीन तास. वाळूत अर्धा पुरलेला अ‍ॅस्ट्रोपेक्टेन, एक तारामासा, दिसला, कडेला कंगव्यासारखे काटे, नळीपाय टोकदार कारण त्याला वाळू उपसायची असते, चिकटायचं नसतं. एक समुद्र काकडी. गाईडने एक दगड अलगद कलता केला आणि खाली पट्ट्या पट्ट्याचे हात झपकन आत गेले. भाचीने दोन फोटो काढले, गाईडने दगड जसा होता तसाच, त्याच बाजूने परत ठेवला. हे फार महत्त्वाचं आहे, दगड उलटा राहिला तर खालच्या बाजूचं सगळं उन्हात मरतं आणि वरचं अंधारात.

त्या फोटोंवरून मी काय लिहू शकते? काचेसारखे लांब काटे, म्हणून ऑफियोट्रिकिडी. बस. पोट दिसलेलं नाही. भाचीचं म्हणणं होतं की मावशी ऑनलाइन असलाच फोटो नावासकट आहे, आपण पण तेच लिहू. तिला म्हटलं रंग बघून नाव द्यायचं नाही, एकाच प्रजातीत जांभळा, तपकिरी, हिरवा सगळं मिळतं, आणि दोन वेगळ्या प्रजाती एकाच रंगाच्या मिळतात. ती नाराज झाली जरा. मी पण तिच्या वयात झाले असते.

परतताना गाईडने एका खडकाच्या कडेला बोट दाखवलं, करड्या रंगाचा स्पंज, छिद्रं छिद्रं असलेला, आणि त्या छिद्रांतून दोऱ्यासारखे हिरवट हात बाहेर आलेले, हळू हलणारे. गाईड म्हणाला, बेन, जुओ, वादळीमां केटला बधा छे.

मी म्हटलं काय म्हणालात?

वादळी. स्पंज. गुजरातीत स्पंजला वादळी म्हणतात! मी जन्मभर वडोदऱ्यात राहिले, गुजराती माध्यमाच्या मुलांना शिकवलं, शाळेच्या पुस्तकात तो शब्द छापलेला आहे, आणि आजोबांनी मोडी वाचून दाखवली तेव्हा माझ्या डोक्यात मराठी वादळच आलं. लिहिणाराही आपल्यासारखाच, मराठीत विचार करणारा पण वस्तूचं नाव बाजारातलं, कोळ्यांचं, जे ऐकलं तेच लिहिणारा. ‘ओखा, वादळीतून’. ओख्याचे, स्पंजातून काढलेले.

तिथे पाण्यात उभ्या उभ्याच सरांना फोन लावला, रेंज नव्हती.

२ मार्च, शनिवार

सतरा नंबर परत उघडली, आता कुठे बघायचं ते माहीत होतं.

मागच्या वेळी बाहेरचं लेबल वाचून मी आधीच ठरवून बसले होते की ही ऑफियोथ्रिक्सची पिल्लं आहेत, आणि म्हणून हात सुद्धा मोजले नव्हते. ही चूक माझी. आज मोजले. अकरापैकी नऊ नमुन्यांना सहा हात. त्यातल्या सातांचे तीन हात लांब आणि समोरचे तीन आखूड, नवीन फुटलेले. म्हणजे हे पिल्लं नाहीतच, हे प्राणी मधून दोन तुकडे होऊन वाढणारे, अर्धी डिस्क आणि तीन हात इकडे, अर्धी तिकडे, मग दोघेही उरलेलं अर्धं नवीन करतात. एका स्पंजात एकाच प्राण्याच्या कितीतरी जुळ्या प्रती अशाच भरतात.

मग उलटा केला. सगळ्यात मोठा नमुना टिश्यूवर, दिवा डाव्या बाजूने, आणि वाट बघितली. जबड्याच्या टोकाला घोळका नाही. टोकाला एक, कडेला लांब एकेक चपटी पॅपिला, मधे मोकळी जागा. ऑफियोट्रिकिडी नाही. ऑफियाक्टिडी. नळीपायाच्या भोकापाशी एकच मोठी गोल टेंटॅकल स्केल, झाकणासारखी खवली. परत सुलटा केला, रेडियल शील्ड मोठे, अर्धचंद्रासारखे, डिस्कच्या कडेकडे थोडेसे बारीक काटे, हाताचे काटे आखूड आणि बोथट, काचेसारखे लांब नाहीत.

सहा हात, स्पंज, दुभंगून वाढणं, जबडा, शील्ड, सगळं एकाच दिशेला जातंय, ऑफियाक्टिस सॅव्हिनी, नाव देणारे म्युलर आणि ट्रोशेल १८४२, त्यांची नावं कंसात लिहायची कारण त्यांनी ही प्रजाती आधी ऑफियोलेपिस या दुसऱ्या वंशात घातली होती. उष्ण समुद्रांत जगभर मिळणारा प्राणी, काही दुर्मिळ नाही. पण मला जो आनंद झाला तो दुर्मिळ मिळाल्यावर पण झाला नसता.

काकांना बोलावून दाखवलं. त्यांनी आयपीसला डोळा लावला, खूप वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, आ तो फूल छे.

९ मार्च, शनिवार

काल महाशिवरात्र, सूरसागरला गर्दी, आज रस्ते मोकळे. सर स्वतः आले, काठी घेऊन, दोन जिने चढून. त्यांनी सतरामधले तीन नमुने बघितले, पोटाकडून. माझं सगळं ऐकून घेतलं. म्हणाले प्रजातीपुढे ‘कन्फर’ लाव, म्हणजे तुलना करून बघा असं, कारण आपल्याकडे ताडून बघायला पक्का ओळखलेला नमुना नाही. मला जरा लागलं, इतकं सगळं जुळत असताना. मग त्यांनी जे सांगितलं ते लिहून ठेवते. नाव आपण दिलंय, ते चुकू शकतं, उद्या कोणी बदलेल, त्यात काही बिघडत नाही. पण ‘ओखा, वादळीतून’ हे ज्याने लिहिलं ते आता कोणालाच परत मिळवता येणार नाही, म्हणून ते आधी लिही, नाव नंतर.

बाकी बरण्यांचा हिशोब असा. कुळापर्यंत किंवा वंशापर्यंत १४. नुसतं ‘ब्रिटल स्टार, फॉर्मलीनने खराब’ ९. फेदर स्टार २, तारामासे ३, समुद्री अर्चिन १. एक बरणी नुसत्या तुटलेल्या हातांची, डिस्कच नाही, तिचं काही करता येणार नाही पण फेकायची पण नाही. आणि सतरा. सतरा सोडून एकाही बरणीवर ठिकाण नाही, चौदा नावं शोधून काढली पण ते प्राणी कुठल्या समुद्रातले हे कधीच कळणार नाही. हे मनातून जात नाही.

१६ मार्च, शनिवार

आज लेबलं. जाड हातकागद, एचबी पेन्सिल, आतून. बाहेरून पण लावली, पण खरं लेबल आतलं.

सतरासाठी भाचीने हट्ट धरला की ती लिहिणार. चांगलं अक्षर आहे तिचं. जुना कपटा तसाच आत ठेवला, त्याच्या पाठीला पाठ लावून नवा, म्हणजे काचेच्या एका बाजूने मोडी दिसते आणि दुसऱ्या बाजूने देवनागरी.

ओखा. वादळीतून (गुजराती वादळी, म्हणजे स्पंज). गोळा करणारा : माहीत नाही, मोडी लिहिणारा. नमुने ११. ऑफियाक्टिस कन्फर सॅव्हिनी. ओळख पोटाकडून, २ मार्च २०२४, वडोदरा.

मग बुचाला नवं व्हॅसलीन लावलं आणि बंद केली.